ताप बघणारे रशीदचाचा

रशीदचाचा लॅपटॉप हातात घेतला का आधी त्याचा ताप बघायचे. बोटांची मागली बाजू हळूच त्याच्या पाठीला लावायची, डोळं मिटायचं, आन आपण काय बोलाया लागलो का दुसऱ्या हातानं गप म्हणायचं. लेकराच्या कपाळाला आपण हात लावतो ना, तसंच. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, पण मी लई भ्यालेली व्हते, मला रडूच आलं.

आमी आणे गावचे, पठारावरचे. माझी शाळा अर्ध्यात सुटली, पण आळेफाट्याला एका फ्लेक्सच्या दुकानात मी फोटो कापून बॅनर जुळवायला शिकले. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. लेक झाली, रोज फाट्याला जाणं जमंना, तवा शेठनी दुकानाचा लॅपटॉप घरी दिला, म्हणले घरनं कर. तेवढं एकच काम माझं सोताचं व्हतं. आन दिवाळीचे फ्लेक्स तोंडावर आले तसा त्यो लॅपटॉप तापाया लागला. मांडीवर ठेववंना. आत पंखा घोंगावायचा, फोटोत कुणाची मिशी कापायची म्हणलं तर माऊसचा बाण जागचा हलंना, आन मधीच पडदा काळा. शेठचा फोन आला का मी म्हणायची, "व्हतंय, व्हतंय," आन एवढं बोलताना बी दम लागायचा. लॅपटॉप गेला का काम गेलं, मग कोण देतंय घरी दुसरा?

म्हणून लेकीला कडंवर मारली आन फाटा गाठला.

चाचांचं दुकान गॅरेजच्या मागं, लिंबाखाली, पत्र्याचं. केसांना मेंदी, खिशात कंगवा, आन बोलणं असं का सगळा फाटा त्यांनीच वसवला. "बेल्ह्यापासून आण्यापातूर माझ्या हाताखालनं गेला नाय असा रेडिओ दाखव! रेडिओ मेले, मी नाय मेलो. आता लॅपटॉप बघतो."

मी म्हणले, "चाचा, लवकर खोला ना, शेठ थांबलेत."

"शेठला थांबू दे. ह्याला गार व्हऊ दे. तापलेल्या अंगाला पेचकस लावायचा नसतो, बेटा. बस तू. बाळाला पाज."

आन मी बसले. काय झालं ठाऊक न्हाई, लिंबाची सावली हलत व्हती, रस्त्यानं नाशिकची यष्टी गेली, तिचा आवाज लांब लांब पातळ व्हत गेला, लेक पिता पिता झोपली, आन मला बी वाटलं आपण पाण्यावर पडलोय, खालनं कुणीतरी धरलंय. गॅरेजवाले हातोडा मारत व्हते ते बी दुसऱ्याच गावात मारल्यावानी. चाचा स्टुलावर बसून सोताशीच गुणगुणत व्हते. लॅपटॉप तिथं फडक्यावर उघडा, त्यो बी झोपल्यासारखा. इतक्या महिन्यात मला कुणी नुसतं बस म्हणलं नव्हतं.

जाग आली ती चाचांच्या हसण्यानं. पाठ खोलली व्हती. "इकडं ये. हे बघ काय निघालं!"

पंख्याच्या जाळीत लाल-पिवळा गठ्ठा. गोधडीची लव, आन तिच्यात हळद, कुंकू, वर एक अक्षतेचा दाणा.

मी बघताच वळखलं, आन चाचांना सांगून टाकलं. आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूनं, दसऱ्याला कोयता, विळी, पाटा सगळं पुजलं, तसा लॅपटॉप बी पुजला व्हता. घरात कमवणारी वस्तू, तिला कशी वगळायची? मुठीनं वाहिलं व्हतं, बारीक फटी दिसल्या तिथं जरा जास्तच.

"कंजूस नाय तुझी सासू," चाचा म्हणले, आन ब्रशनं जपून काढाया लागले. सगळं एका कागदावर घेतलं, फेकलं न्हाई, लिंबाच्या बुडाशी ठेवलं. मग म्हणले, "आन ठेवतीस कुठं ह्याला?"

"गोधडीवर. पोर मांडीवर असती ना."

"हे खालून श्वास घेतं गं. तू तोंडच दाबून धरतीस. मग तापल नाय तर काय करल? आन तापलं का सोताच हळू चालतं, जीव वाचवाया. आळशी नाय ते." त्यांनी आतल्या चिपवरचा, उष्णता वढून घेणारा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, आन चारी कोपऱ्याखाली बाटलीची बुचं चिकटवली. "आता पाटावर ठेव."

तेवढ्यात शेठचा फोन. मी हात जोडले, "चाचा, हळदीचं सांगू नका, त्ये लॅपटॉप काढून घेतील."

चाचांनी माझा फोन घेतला. "शेठ, रशीद बोलतोय. लॅपटॉप बरा हाय. पंख्यात दसऱ्याचं हळदीकुंकू गेलं व्हतं, घरच्यांनी पूजा केली. हां. हां." मग तिकडनं शेठच बोलत ऱ्हायले. मी लेकीला घट्ट धरलं. चाचांनी फोनवर हात ठेवला आन कुजबुजले, "इचारतोय, मोठा प्रिंटर बघता का. त्येच्यावर त्यानं सोता नारळ फोडलाय."

मी एवढी हसले का लेक दचकून उठली.

काम हातचं गेलं न्हाई. पुढं मी काय ना काय निमित्त काढून लिंबाखाली जायची. चाचा म्हणायचे, "मशीन बरंय, तूच तापलीस. बस." लेक त्यांच्या कंगव्याशी खेळत मोठी झाली.

ह्या उन्हाळ्यात चाचा गेले, दुपारी स्टुलावरच. गॅरेजवाल्यांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगितला. त्यांचा लेक म्हणला, "लावा, अब्बांना हौस व्हती." फोटो कापताना माझा हात मेंदीच्या केसापाशी अडकला, एक बी केस सुटू द्यायचा नव्हता. गॅरेजवाले म्हणले, "वहिनी, खाली आमचे बी फोटो टाका ना." मी म्हणले, "न्हाई. चाचा एकटेच बसतील ह्यात. गर्दीत न्हाई."

काल यष्टीतनं फाट्याला उतरलो. चौकात फ्लेक्स उभा, भर दुपार. लेक माझा पदर वढाया लागली.

"आई, चाचा उन्हात हायेत. त्यांना आत बोलव ना."

मी तिला उचलली, आन आमी दोघी फ्लेक्सच्या मागं, त्यांच्या सावलीत, यष्टी निघून जाईपातूर उभ्या ऱ्हायलो.