मथुराबाईंची फिकी फांदी

पान तोडताना मथुराबाई दुसऱ्या हाताने फांदी धरून ठेवायच्या. "झाडाले हिसका नाई बसला पाहिजे," म्हणायच्या. मग पान पुडीत घालून वर झाडाचा नंबर लिहायच्या आणि कोणत्या बाजूची फांदी, तेही. फांदीचं मी कधी सांगितलं नव्हतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं घर. घरची माणसं भाजी विकणारी. आमच्या प्रयोगशाळेच्या लिंबाच्या बागेत त्या रोजंदारीवर पानं तोडायला येत. पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकांना स्वतःचा डीएनए असतो. तो आम्ही तपासत होतो. एका झाडात तो सगळीकडे सारखाच असणार, हे मी धरूनच चालले होते.

सात नंबरच्या झाडाच्या दोन पानांचा डीएनए वेगवेगळा निघाला. प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी कारण विचारलं. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "बाईंनी पुड्या मिसळल्या असतील."

मथुराबाई दारातच उभ्या होत्या.

"म्या नाई मिसळल्या, मॅडम. त्या झाडाची एक फांदी फिक्की हाये. चाला, दाखवतो तुमाले."

बाग दहा मिनिटांवर होती. मी गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलावणं बंद झालं.

दोन वर्षांनी फेरतपासणीसाठी पानं मी स्वतः तोडली. फिक्या फांदीचा निकाल पुन्हा वेगळाच आला. एकाच झाडात दोन प्रकारची हरितलवकं होती. माझा अहवाल सगळ्यांनी वाखाणला. त्यात मथुराबाईंचं नाव नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेले. त्या खाटेवर होत्या, आवाज खोल गेलेला. मी सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी एवढंच विचारलं, "सायबाले सांगतलं का?"

"सांगितलं," मी म्हणाले. सांगितलं नव्हतं.

त्यांचा चेहरा उजळला. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "आयकलं का वं? सायबाले समजलं, म्या काई मिसळलं नवतं. मॅडमसाठी चहा ठेव."

तो चहा मी प्याले. उद्या साहेबांना सांगायचंच, असं ठरवून निघाले. उद्या बैठक निघाली, परवा दौरा.

महिन्याभराने सून बाजारात भेटली. मथुराबाई गेल्या होत्या. "तुमचंच नाव घे बुढी," ती म्हणाली. "म्हणे, मॅडमनं माही इज्जत राखली."

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"मथुराबाई?" ते म्हणाले. "कोण मथुराबाई?"