दामले मॅडमच्या ट्रकचा डबा

"अरे, दार उघडा!" डब्याच्या आतून आमचे मालक मेहताशेठ ओरडत होते.

मी बाहेरून हँडल ओढत होतो. आमचा वेल्डर हरेश तांडेल पाय रोवून दार खेचत होता. दार जागचं हलेना. वाणगावच्या पुढे शेतातला कच्चा रस्ता होता. ट्रायल म्हणून आम्ही मुद्दाम ट्रकचं पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक बांधावर चढवलं होतं. शेठना आत बसून बघायची हौस, त्यामुळे आता खिडकीतून फक्त त्यांचा हात दिसत होता.

स्टिअरिंगवरच्या दामले मॅडमनी शेवटी ट्रक सपाटीला आणला. दार आपोआप उघडलं. शेठ घामाने निथळत उतरले.

"सावे, हा कॅम्पर आहे की लॉकअप?"

खिडकीच्या कोपऱ्यात पत्र्याला वीतभर तडा गेलेला मला दिसला होता.

आमचं बोईसरचं वर्कशॉप केमिकल कंपन्यांना टाक्या आणि रिअ‍ॅक्टर बनवून द्यायचं. मी तिथला वर्क्स मॅनेजर. दामले मॅडम पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून नुकत्याच रिटायर झालेल्या. हिमालयातली झाडं त्यांनी जन्मभर पुस्तकातून शिकवली. ती आता डोळ्यांनी बघायची, रोहतांगची खिंड ओलांडून लाहौलला जायचं, तेही स्वतःच्या कॅम्परमधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, असं त्यांनी ठरवलं होतं. लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला. ट्रक चालवायला शिकल्या. झोपायचे बाक, ओटा, पाण्याची टाकी, सगळं स्वतः बसवायला घेतलं. बाहेरचा पत्र्याचा डबा मात्र आमच्याकडे आला, कारण शेठची मुलगी त्यांची विद्यार्थिनी.

त्या ट्रायलनंतर मी म्हटलं, "मॅडम, पुढच्या वर्षी गेलात तर? नीट निवांत करून देतो."

"डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा निकाल दिलाय, सावे. यंदा क्लच दाबता येतोय. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?"

मी ट्रक पुन्हा शेडमध्ये घ्यायला सांगितलं.

आता आमची चूक सांगतो. ही चूक टाक्या बनवणाराच करू शकतो. आमच्या धंद्यात थेंब गळला की अब्रू गेली. त्यामुळे आम्ही डबा ट्रकच्या चासीवर, म्हणजे खालच्या दोन लांब गर्डरवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्ड करून टाकला. वरून फायर होजने पाणी मारलं. आत एक थेंब नाही. हरेशने पेढे वाटले.

पण ट्रकची चासी पिळवटण्यासाठीच बनवलेली असते. खड्ड्यात एक चाक वर, एक खाली गेलं की ती ओला टॉवेल पिळावा तशी वळते, म्हणून चारी चाकं जमिनीवर टिकतात. आमचा डबा तिला वळू देईना. मग दोघांच्या भांडणात पत्रा फाटला आणि दाराची चौकट तिरकी झाली.

"जाड पट्टी मारा," शेठ म्हणाले. "आणि आठ दिवसांत शेड रिकामी करा. माझी मोठी ऑर्डर यायचीये."

पट्टी मारली. दुसऱ्या ट्रायलला पट्टीच्या शेजारी फाटलं. आणखी एक मारली, तर आता दुसरी खिडकी. माझं डोकंच फिरलं. हातातला टेप आपटून मी यार्डात जाऊन उभा राहिलो. समोर एक आडवी टाकी ट्रेलरवर चढत होती. अशा टाकीला खाली दोन पाय असतात. गरम माल भरला की टाकी लांबते, म्हणून एक पाय पक्का बोल्ट करतात आणि दुसऱ्याला लांबट भोकं ठेवतात, सरकायला. असल्या टाक्या मी ढिगाने बनवलेल्या, आणि डब्याला मात्र एकही मोकळा पाय ठेवला नव्हता! मी तिथेच स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि पळत शेडमध्ये आलो.

"हरेश, सगळं वेल्डिंग काप. मागे दोन पाय पक्के. पुढे मधोमध एकच जाड पिन. खाली चासी वळली तरी डबा तिच्यावर नुसता डुलला पाहिजे."

"डुलला पायजे?" हरेश भडकला. "आमी ढिलं काम नाय करत, सायेब! गावाला, नवापूरला, लोकं बोलतील, तांडेलच्या हाताला आता जोर नाय."

"मी बोलतो तुझ्या नवापूरशी. तू काप!"

तो दिवसभर पुटपुटत कापत राहिला. पण पिन अशी बसवली की वा! मॅडमही मागे राहिल्या नाहीत. साडीचा पदर खोचून त्यांनी स्वतः ग्रीस भरलं.

पुन्हा तोच बांध. शेठ या वेळी आत बसायला तयार होईनात, म्हणून मीच बसलो. चाक चढलं. खाली चासी करकरली, केबिन एकीकडे कललं आणि डबा आपला मजेत वेगळ्याच कोनात. मी जीव मुठीत धरून दाराला एक बोट लावलं. दार उघडलं! मी वरूनच ओरडलो. हरेशने गाडीखाली शिरून एकेक जोड बघितला आणि बाहेर येऊन म्हणाला, "कायच फाटला नाय, सायेब. हाय तसा हाय." शेठनी तिथल्या तिथे सगळ्यांना ताडगोळे खायला घातले. त्यांच्याकडून हे म्हणजे अजबच.

जूनच्या आधी मॅडम निघाल्या, बरोबर धाकटी बहीण. कितीतरी दिवसांनी वर्कशॉपमध्ये ट्रंक कॉल आला. लाईन खरखरत होती.

"सावे! रोहतांगच्या पलीकडे आहे मी. समोर भोजपत्राची झाडं आहेत. हात लावला त्यांना!"

शेठ माझ्या हातून रिसीव्हर ओढून, "मॅडम, डबा कसा आहे?" असं तीनदा विचारून मोकळे झाले.

त्यानंतर मी बरीच वर्षं तिथे होतो. नवा इंजिनियर ड्रॉइंग घेऊन आला की मी त्याला एकच विचारायचो: यातलं काय हलू द्यायचंय ते आधी दाखव, मग वेल्डरला हाक मार.