मंगळवारी कोण येतं

बेसबॉल हा खेळ मला कधीच आवडला नाही, आजही आवडत नाही. तीन तास माणसं गवतावर उभी असतात, थुंकतात, टोप्या सारख्या करतात आणि मध्येच एखादा वाघ मागे लागल्यासारखा पळत सुटतो. पुण्याच्या गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेल्या माणसानं हे का बघावं? तरीही गेल्या वर्षी, कॅनडातल्या आमच्या ओटावात या खेळाची मोठी टीम यावी म्हणून मी साठी उलटलेला माणूस दारोदार हिंडलो. कारण साधं होतं. आमचा एकुलता एक मुलगा त्या टीममध्ये नोकरीला होता.

खेळाडू म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या एका शहरात, टीमच्या ऑफिसात बसून, तिकिटं कुठे खपतात आणि कुठे पडून राहतात याचा तो अभ्यास करायचा. शिकायला लंडनला गेला, म्हणजे आपल्या ओंटारियोतल्या लंडनला, आणि तिथूनच परस्पर सीमा ओलांडून गेला. मग ख्रिसमसला काय तो यायचा. त्यातही निम्मा वेळ लॅपटॉपसमोर. फोनवर आई मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि शेवटी 'बाबांना हाय सांग' एवढं माझ्या वाट्याला यायचं.

एकदा बोलता बोलता तोच आईला म्हणाला की टीमचं स्टेडियम जुनं झालंय, प्रेक्षक आटलेत आणि मालक टीम दुसऱ्या शहरात हलवायचं म्हणतोय. बघायच्या शहरांत ओटावाही आहे. "जस्ट अ रूमर, आई," असं त्यानं पुढे जोडलं, पण ते हिच्या कानात शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी ही हातात टेप घेऊन त्याच्या खोलीसाठी बेसमेंटची मापं काढत होती. मी म्हटलं, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." तर म्हणाली, "तुम्ही तुरीचं बघा, मी बेसमेंटचं बघते."

म्हणून मी तुरीचं बघायला गेलो. टीम आपल्या शहरात यावी म्हणून खटपट करणारी काही हौशी मंडळी इथे होती. बहुतेक निवृत्त, बहुतेक गोरी. तरुणपणी बसनं मॉन्ट्रियलला मॅच बघायला जाणारी. मॉन्ट्रियलची ती टीमही पुढे गाशा गुंडाळून अमेरिकेत गेली. त्यांच्यातला एक म्हातारा त्याबद्दल बोलताना डोळे पुसायचा. मला आधी हसू यायचं. नंतर नंतर मी त्याच्या शेजारची खुर्ची धरायला लागलो. मला ती माणसं बेसबॉलचा मोठा दर्दी समजत होती आणि मी समजू दिलं.

शहरात टीमला पोसण्याइतकी माणसं आहेत हे दाखवणं हे आमचं काम. त्यात मराठी मंडळींना गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात नाटुकलं आणि जेवण यांच्या मधल्या फटीत मी माईक घेतला आणि विचारलं, "टीम आली तर कोण कोण येणार?" हॉलभर हात वर झाले. "नक्की येणार काका!" "काका, आम्ही तर सीझन पास घेणार!" आता मी काय आज जन्मलोय? आपल्यात तोंडावर 'नाही' म्हणणं हा उद्धटपणा, आणि 'नक्की येतो' म्हणून न जाणं ही रीत. बारशापासून साठीशांतीपर्यंत मी स्वतः हेच करत आलोय. पण त्या दिवशी ते हात मी खरे धरले. हरभऱ्याच्या झाडावर लोक चढवतात ते ठीक, मी तर आपला आपणच चढलो.

ऑगस्टमध्ये टीमची माणसं शहर बघायला येणार असं ठरलं. आपल्या इथे एक छोटं स्टेडियम आहे, तिथे खालच्या लीगची मॅच असते. ती मॅच ते बघणार होते. वार त्यांनीच निवडला, मंगळवार. आणि बरोबर कोण येणार, तर आमचे चिरंजीव. गाव त्याचंच, म्हणून त्यालाच घेतलं. मुक्काम हॉटेलात, पण दुसऱ्या दिवशी जेवायला घरी येऊन मग फ्लाइट. बेसमेंटला तोवर रंग लागला होता, पडदे लागले होते, नवा पलंग आला होता. हिनं भिंतीचा रंग तीनदा बदलायला लावला. मी कुरकुर केली, पण खरं सांगतो, इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच यायचा, पोरगा घरी येणार.

मंगळवारी दुपारपासून फोनवर मेसेज यायला लागले. "काका, सो सॉरी, आज अंगारकी आहे, उपास." "काका, मोदक करायचेत, नेक्स्ट टाइम नक्की!" मी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. हिचाही उपास होताच, पण तिनं सांगितलं नाही, कारण तिला त्यात अडचण दिसली नाही. इथे उन्हाळ्यात चंद्र इतक्या उशिरा उगवतो की मॅच बघून घरी येऊन मोदक वळले तरी वेळ उरावा. खिचडीचा डबा घेऊन ती माझ्या आधी गाडीत बसली होती. बुद्ध जयंतीला ज्यांच्याकडे आम्ही जेवायला जातो ती दोन कुटुंबं तेवढी आली. त्यांचा चतुर्थीशी काय संबंध! नाही म्हणायला त्यांनीच आमच्या लोकांची लाज राखली.

दोष फक्त आमच्यावर कशाला टाकू. बाकीचं शहर तरी कुठे आलं होतं? सरकारी नोकरांचं गाव हे. चार वाजता ऑफिस सुटतं, सहाला जेवणं होतात, सकाळी पुन्हा बस गाठायची असते. आमचा तो मॉन्ट्रियलवाला म्हातारा जुनी टोपी घालून आला होता आणि एकटाच ओरडत होता. बाकी रिकाम्या खुर्च्या, ओळीच्या ओळी. पलीकडच्या बाजूला टीमची माणसं बसली होती. त्यात आपला मुलगा हिनं लांबून ओळखला आणि हात हलवला. त्यानंही एकदा हलवला, मग मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी टिपत राहिला. ही बराच वेळ हात हलवत होती.

दुसऱ्या दिवशी तो आला. भरली वांगी खाल्ली, बेसमेंट बघितलं, पलंगाच्या कडेला क्षणभर टेकला. "लुक्स रिअली नाइस, आई," म्हणाला. एअरपोर्टला सोडायला मी एकटाच गेलो, हिला मागचं आवरायचं होतं.

गाडीत मीच विषय काढला. तो म्हणाला, "इट्स नॉट गोइंग टू हॅपन, बाबा."

"एका मंगळवारावरून ठरवणार तुम्ही?"

"सॅटरडेला कुठेही गर्दी होते, बाबा. वी लुक ॲट ट्यूजडेज. मंगळवारी कोण येतं, दॅट्स युअर सिटी."

"अरे, काल उपास होता सगळ्यांचा!"

"देअर इज ऑलवेज समथिंग," तो म्हणाला. रागानं नाही, मायेनंच म्हणाला, आणि तेच मला सोसेना.

आयुष्यात बापलेक म्हणून आम्ही एकमेकांना सरळ काही विचारलेलं नाही, सगळं हिच्यामार्फत. पण तेव्हा विचारलं. "आणि समजा भरलं असतं स्टेडियम?"

"देन द टीम वुड हॅव कम."

"आणि तू?"

 तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी नसतो आलो, बाबा. मी तिथे दुसरी नोकरी बघितली असती." हे मात्र त्यानं स्वच्छ मराठीत सांगितलं.

 तुझ्या आईनं तीनदा रंग बदलला रे, असं ओरडावंसं वाटलं. तोंडातून निघालं, "पासपोर्ट घेतलास ना?" तो हो म्हणाला. मी त्याला दारात उतरवलं, त्यानं मला मिठी मारली, आणि मागच्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून मी निघालो.

घरी आलो तर ही सोफ्यावर वाट बघत होती. "काय म्हणाला?"

खरं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. म्हटलं, "शहर लहान पडतं म्हणाला. टीम नाही येणार."

 मला वाटलं, आता ही रडेल. पण तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मग आपणच जाऊ या ना हो त्याच्याकडे," ती म्हणाली. "त्याला येता येत नाही म्हणून काय झालं? आपल्याला इथे कोण धरून ठेवलंय?"

आणि घर विकायला साधारण किती दिवस लागतात, असं ती मला विचारायला लागली.