रिकामी दिसणारी टाकी

चष्मेवाल्यांचं उभं आयुष्य एकच प्रश्न विचारण्यात गेलं. भिंग बदलायचं आणि गिऱ्हाईकाला विचारायचं, "आता बरं दिसतं, की मघाचं बरं होतं?" जित्याची खोड ती. घरी चहाची पूड बदलली तरी बायकोला हेच विचारत.

आणि नशिबाची थट्टा बघा, त्याच बायकोच्या डोळ्यांना कुठलंच भिंग चालेना. नजर मधोमध विझत चालली होती, कडेकडेला तेवढा उजेड आणि रंग उरला होता. डॉक्टरांनी हात टेकले. एके काळी ही बाई बोलायला लागली की शेजारचे दार लावून घेत. आता खिडकीकडे तोंड करून बसायची, आणि विचारलं तर "काही नाही" म्हणायची. त्या "काही नाही"ची चष्मेवाल्यांनी धास्तीच घेतली होती. डोळ्यांच्या आधी ही मनानंच घरातून निघून जाते की काय, असं त्यांना वाटे.

म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी आणली. लहानशीच, शिलाईच्या मेजावर मावेल एवढी. वाळू अंथरली, दगड रचले, पाणी मुरू दिलं. आता तिच्या कडेच्या उजेडात फिरतील असे रंग तेवढे आत सोडायचे होते.

मासेवाल्या बाईंच्या दुकानात दुपारीही निळसर अंधार असायचा. पंप घुमत असायचे, पाण्याचा उजेड छतावर हलत असायचा, आणि आत आलेला माणूस आपोआप हळू चालायला लागायचा. किती वेळ गेला ते कुणाला कळत नसे.

"काका, टाकी लहान आणि तुम्ही नवखे," मासेवाल्या बाई म्हणाल्या. "एखादी जोडी घ्या, फार तर दोन. त्या मोठ्या निळ्याकडे बघूसुद्धा नका, त्याला पोहायला मैदान लागतं."

चष्मेवाल्यांनी बायकोला स्टुलावर बसवलं आणि तपासणी सुरू केली. "हा नारिंगी बरा दिसतो, की मघाचा पिवळा?"

"हा."

"आणि हा जांभळा?"

"हाही छान आहे."

स्टूल एकेका टाकीपुढे सरकत गेलं आणि सगळंच छान ठरत गेलं. कंटाळलेलं गिऱ्हाईक अस्संच बोलतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग त्यांनी करू नये ते केलं. कोपऱ्यात एक टाकी होती. तिच्यात वाळू, एक दगड, दगडाखाली बीळ, बाकी काही नाही. बायकोला तिच्यापुढे बसवून त्यांनी विचारलं, "आणि यातलं?"

तिनं मान जरा तिरकी केली. मग हसली. "हे घेऊ या."

म्हणजे इतका वेळ ही नुसतं आपलं मन राखत होती. "अगं, ती टाकी रिकामी आहे," ते कसंबसं म्हणाले.

"रिकामी कशी असेल? आत कुणीतरी टिचक्या मारतंय. रंग दिसतात हो मला थोडे, पण मासा कधी आला, कधी गेला, काही कळत नाही. तुम्ही इतक्या हौसेनं विचारता, म्हणून छान म्हणते. हे बघा, परत मारली."

चष्मेवाल्यांना काहीच ऐकू आलं नाही. भिंगं घासायच्या यंत्रापाशी जन्म गेलेला, बारीक आवाज त्यांना कधीच सोडून गेले होते.

"काकूंचे कान तिखट आहेत," मासेवाल्या बाई म्हणाल्या. "पिस्तूल कोळंबी आहे ती. नांगी मिटली की टिचकी वाजते. बीळ खोदण्यात पटाईत, पण तिला धड दिसत नाही. म्हणून गोबी नावाचा एक छोटा मासा दारात पहारा देतो. ही बाहेर आली की मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. तो दचकला की ही आत. आत्ता दोघंही बिळात आहेत. लहान टाकीत सुखानं राहते ही जोडी."

बायकोनं क्षणभर विचार केला. "आणि तो पहारेकरी बहिरा असतो का हो?"

चष्मेवाले हसले. किती दिवसांनी ती त्यांची थट्टा करत होती. हसता हसता त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

जोडी घरी आली. आता संध्याकाळी टाकीचा उजेड भिंतीवर हलतो, आणि स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, वाजली. बघा काय चाललंय." चष्मेवाले टाकीला नाक लावून बसतात.

"गोबी दारात बसलाय. ती वाळू बाहेर ढकलतेय."

"आणि आता?"

"आता दोघं आत गेले."

"का गेले? तुम्ही हललात ना? तरी सांगत असते, जरा स्वस्थ बसत जा. तो बिचारा पहारा देणार की तुमच्यावर लक्ष ठेवणार? आणि मिशी लावली होती का तिनं? नीट बघून सांगा, नाहीतर..."

शेजारच्यांनी दार लावून घेतलं.