मिटवामिटवीचा चहा

सावळाराम आप्पांनी आयुष्यात काय केलं, असं कुणी विचारलं, तर मांडवगण फराट्यापासून दौंडापर्यंत एकच उत्तर मिळायचं: मिटवलं. शेती भावानं केली, संसार सोजराबाईंनी ओढला, आप्पांनी फक्त मिटवलं. बांधाचं भांडण असो, पाण्याच्या पाळीचं असो की लग्नातल्या मानपानाचं, आप्पा धोतराचा सोगा सावरत हजर. इनामगावच्या दोघा भावांचं नदीकाठच्या तुकड्यावरून वाजलं, तेव्हा धाकट्यानं तुकडा सोडला आणि मिटलं. कासुर्डीची एक लेक मार खाऊन माहेरी आली, तिची समजूत घालून तिला सासरी धाडलं आणि मिटलं. ती पुन्हा आली, पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा ती ट्रंक घेऊनच आली, तेव्हा आप्पा म्हणाले, "हल्लीच्या पोरींना दम म्हणून न्हाई."

मिटवायची त्यांची एक रीत होती. दोन्ही बाजूंना एका सतरंजीवर बसवायचं आणि एकच चहा मागवायचा. त्यातला निम्मा बशीत ओतायचा. एकानं कपातला प्यायचा, दुसऱ्यानं बशीतला. घोट घशाखाली गेला की भांडण मिटलं. त्यानंतर जो तोंड उघडेल तो बेइमान, त्याला पंचक्रोशीत कुणी उभं करायचं नाही. "माझ्याकडं जातपात न्हाई," आप्पा छाती काढून सांगत. "एकाच कपातला चहा, सगळ्यांना." खरंच होतं ते. फक्त कप कुणाला आणि बशी कुणाला, हे आप्पा तोंडाकडं बघून ठरवत. तोंडाकडं म्हणजे आडनावाकडं, जमिनीकडं आणि मागं किती माणसं उभी आहेत त्याकडं. बशीवाल्याला ते प्रेमानं सांगत, "तुला बशी दिली रं, लवकर निवतो." आजवर एकाही बशीवाल्यानं उलट विचारलं नव्हतं. आप्पांना वाटे, ही आपल्या शब्दाची किंमत.

मुलगा दौंडला नोकरीला लागला तसे आप्पा आणि सोजराबाई त्याच्याकडं राहायला आले. गावात निदान भांडणं तरी होती. इथं माणूस ड्युटीवरून येऊन झोपतो, भांडायला सवड कुणाला? आप्पा पार सुकून गेले. त्यांना जगवलं नातीनं. अपेक्षा सहावीत होती, काटकुळी, बोलकी, आणि फुटबॉलच्या नादानं खुळी झालेली. दोन हजार सहाच्या जूनमध्ये टीव्हीवर वर्ल्डकप लागला आणि दौंडातल्या निम्म्या पोरांच्या अंगात आलं, त्यातलीच ती एक. रोज संध्याकाळी आप्पा तिची पाण्याची बाटली धरून मैदानाच्या रस्त्याला लागत आणि वाटेत ती त्यांना दिवसभराचं सगळं सांगे. कुणी कुणाची वही लपवली, बाई कुणाला काय म्हणाल्या. आप्पा सगळ्यांना सांगत, "माझी नात माझ्यापाशी एक शब्द झाकून ठेवत न्हाई." त्यांच्या साऱ्या मिटवण्यापेक्षा त्यांना या गोष्टीचा जास्त अभिमान होता.

मैदान होतं स्टेशनपलीकडं, बाभळींच्या कडेला. तिथं 'भीमाकाठ फुटबॉल मंडळ' चाले आणि ते चालवत पप्पू सर. सरांचं वय पस्तीस, पण पप्पू हे नाव काही त्यांना सोडत नव्हतं. गळ्यात शिट्टी, पायात सपाता आणि तोंडात अशा शिव्या की बाभळीवरचे बगळेसुद्धा उठून जावेत. पोरगं चुकलं की थोबाडीत. आईबाप कडेला उभे राहून कौतुकानं बघत आणि जाताना सांगून जात, "सर, हाडं आमची, कातडं तुमचं." सरांना कातडं कमी पडू लागलं तेव्हा त्यांनी खोली शोधली. मैदानाच्या कोपऱ्यात जाळ्या आणि चुन्याची पोती ठेवायची पत्र्याची खोली होती. मार खाऊन जो रडेल त्याला तिच्यात घालून बाहेरून कुलूप. "अंधारात रडू आटतंय," सर म्हणत. याला सगळे शिस्त म्हणत.

हे सुखानं चाललं असतं, पण मंडळाला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायची हौस आली. पुण्याच्या स्पर्धावाल्यांनी अट घातली: मैदानावर वागण्याचे नियम लावा आणि मुलांची तक्रार ऐकायला एक माणूस नेमा. नियमही त्यांनीच पाठवले. त्यातले बहुतेक मोठ्यांसाठी होते. मुलांवर हात टाकू नये, शिवी देऊ नये, मुलाला एकटं कोंडू नये, पालकांनी कडेला उभं राहून आरडाओरडा करू नये. राहिलेले दोन-तीन मुलांसाठी. मंडळाचे सचिव सतीश, खताचे दुकानदार, यांनी ते म्हाळू पेंटरकडं दिले. म्हाळूनं पत्र्याचं माप घेतलं आणि डोकं खाजवलं. "शेठ, येवढं मावत न्हाई. फोटू गाळू का नियम गाळू?"

फोटो सभापतींचा, उपसभापतींचा आणि खुद्द सतीशशेठचा होता. फोटो गाळायचा प्रश्नच नव्हता. मग मोठ्यांचे नियम गेले. वर लाल अक्षरात 'बालसुरक्षा', मध्ये तीन हसरे चेहरे, आणि खाली 'मोठ्यांचा मान राखावा. उलट बोलू नये. वेळेवर यावे.' असा तो बोर्ड झाला. उद्घाटनाला सभापती दुपारी आले. वेळेवर यायचा नियम त्यांच्यासाठी नव्हताच. पोरं सकाळपासून उन्हात रांगेत उभी होती. एक पोरगी चक्कर येऊन पडली, तिला बोर्डाच्याच सावलीत निजवलं.

आणि तक्रार ऐकायला माणूस कोण? सतीशशेठ म्हणाले, "आप्पांसारखा मिटवणारा हाय कोण?" झालं. आप्पांच्या छातीवर 'बालसुरक्षा अधिकारी' असा बिल्ला लागला. आप्पा घरातसुद्धा तो काढीनात. सोजराबाई म्हणाल्या, "बनेलावर तरी लावू नगा," पण बायकांना मोठेपणातलं काय कळतंय, असं आप्पांचं मत होतं.

पहिली तक्रार आली ती माया सिस्टरची. माया सरकारी दवाखान्यात नर्स होती, भीमनगरात राहायची, नवरा नव्हता. तिचा मुलगा संघर्ष दहा वर्षांचा, अपेक्षाच्याच बरोबर खेळणारा. त्याच्याकडून बॉल सुटला, सरांनी मारलं, तो रडला आणि सरांनी त्याला खोलीत घातलं. वर सर विसरून घरी गेले. माया ड्युटी उरकून शोधत आली तेव्हा पोरगं चुन्याच्या पोत्यावर बसलं होतं, चड्डी ओली झालेली, आणि ओरडून ओरडून आवाज बसलेला.

"आप्पा, मला भांडायचं न्हाई," माया म्हणाली. "पोराला खेळायचंय, खेळू द्या. फक्त त्या खोलीत पोरं कोंडायची न्हाईत, येवढं सरांकडून लिहून घ्या आन् पुण्याला कळवा."

"पुण्याला?" आप्पा हबकले. पुण्याला कळवलं तर मिटवलं काय? "सिस्टर, वाढवू नका. घरातली गोष्ट घरात. मी हाय न्हवं."

दुसऱ्या दिवशी मैदानावर सतरंजी अंथरली. एका बाजूला पप्पू सर मांडी ठोकून, दुसऱ्या बाजूला संघर्ष, गुडघे पोटाशी घेऊन. मागं बाकीची पोरं उभी, अपेक्षाही त्यांच्यातच. ज्यानं कोंडलं त्याच्यासमोर पोराला बसवून, चारचौघांत, आप्पांनी विचारलं, "बोल बाळ, सरांनी काय केलं?" बांधाच्या भांडणात असंच विचारतात. पोरगं सरांच्या शिट्टीकडं बघत राहिलं आणि म्हणालं, "काय न्हाई."

"बघा, पोराच्या मनात काय न्हाई," आप्पा खूश झाले. चहा आला. कप सरांना, बशी संघर्षला. पोरगं चहा पीत नव्हतं, घरी दूध प्यायचं. पण न पिऊन सांगतो कुणाला? निम्मा चहा सतरंजीवर सांडला, उरलेला त्यानं डोळे मिटून घेतला. मग आप्पांनी त्याला सरांच्या पाया पडायला लावलं. सरांनी पाठीवर थाप मारली. ती जरा जोरातच बसली, पण टाळ्यांत ऐकू आली नाही. माया तिथंच उभी होती. ती आप्पांना एवढंच म्हणाली, "कुलपाचं काय झालं?"

"मिटलं की आता," आप्पा म्हणाले.

त्या दिवशी घरी जाताना आप्पा लई बोलले. कसं जमवलं, कसा पोरगा हसला. अपेक्षा काहीच बोलली नाही. पुढंही ती वाटेत गप्पच चालू लागली. आप्पांना वाटलं, पोरगी मोठी व्हायला लागली.

दिवाळीनंतर मंडळाचा बक्षीस समारंभ ठरला. पप्पू सर पाहुण्यांना आणायला मोटरसायकलवर हायवेला गेले आणि नेहमीप्रमाणं पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मग वेळ भरून काढायला सतीशशेठनी आप्पांचा सत्कार उरकून घेतला. शाल, श्रीफळ, फेटा. माईकवर सांगितलं, की आप्पांच्या कारकिर्दीत मंडळात मुलांची एकही तक्रार शिल्लक नाही. आप्पांचे डोळे भरून आले. हातातला नारळ नातीच्या हाती द्यावा म्हणून त्यांनी पोरांच्या रांगा धुंडाळल्या. अपेक्षा नव्हती. सकाळी त्यांनीच तिला मैदानावर सोडलं होतं.

"अपी कुठं गेली रं?" पोरं जमिनीकडं बघू लागली. संघर्ष पुढं आला. "आप्पा, ती खोलीत हाय. सरांनी मारलं, ती रडली."

आप्पा फेट्यासकट धावले. कुलूप लटकलेलं, किल्ली सरांच्या खिशात, सर हायवेला. आत कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. त्यांनी हाका मारल्या, दार ढकललं आणि काही सुचेना तेव्हा हातातला सत्काराचा नारळ कुलपावर हाणला. नारळ फुटला, पाणी धोतरावर सांडलं, कुलूप जिथल्या तिथं. मागून कुणीतरी हसलं.

"कुलपावर नगा मारू," संघर्ष म्हणाला. "कडीचा खिळा हललाय, तिथं दगड मारा. मी आतनं लई ढकलून बघितलेलं."

दगड मारल्यावर कडी सुटली. अपेक्षा चुन्याच्या पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, बरोबर संघर्ष बसला होता तिथंच. तोंड पांढरंफटक, डोळे कोरडे. आप्पांनी तिला जवळ घेतलं. तिला काही झालं असतं तर, या विचारानं म्हाताऱ्याला हुंदका आवरेना.

तोवर सतीशशेठ घामाघूम होऊन आले. "आप्पा, सर आपलेच हायेत. पाहुणे यायच्या आत मिटवून टाकू. मी चहा सांगितलाय." आणि खरंच, टपरीवरून चहा आला. एकच चहा. कप आणि बशी. आप्पांची रीत आता सगळ्या मंडळाला पाठ होती.

"बाळा, पहिल्यांदाच कोंडलं ना गं?" आप्पांनी विचारलं.

अपेक्षानं मान हलवली. नाही.

"मग मला का न्हाई सांगितलंस? माझ्यापाशी तू सगळं बोलतीस न्हवं?"

ती त्या चहाकडं बघत होती. "तुम्ही मिटवलं असतं, आप्पा," ती म्हणाली. "कप सरांना दिला असता, आन् बशी मला."

आप्पांनी सतीशशेठच्या हातातली कपबशी घेतली आणि चहा मातीत ओतला. सतीशशेठ काही म्हणायला गेले, पण आप्पा थांबले नाहीत. फेटा तिथंच पडला. एका हाताला अपेक्षा, दुसऱ्या हाताला संघर्ष, असे ते भीमनगरात मायाच्या दारात जाऊन उभे राहिले. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती.

"सिस्टर," आप्पा म्हणाले, "पुण्याला कळवू. चौकीवरबी जाऊ. आता वाढवायचं."

मायानं अपेक्षाकडं बघितलं. तिच्या फ्रॉकवरचा चुना, तिचे कोरडे डोळे. मग आप्पांकडं, छातीवरच्या बिल्ल्याकडं.

"माझं पोरगं कोंडलं तवा ती शिस्त व्हती," ती म्हणाली. "तुमची नात कोंडली तवा तो गुन्हा झाला. व्हय ना, आप्पा?"

मायानं उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं पायात चपला सरकवल्या, दोन्ही पोरांना दोन हातांना धरलं आणि चौकीची वाट धरली. आप्पांनी बिल्ला काढून खिशात घातला आणि ते तिच्या मागून चालू लागले.