काचेवरची खालची चिठ्ठी

आमच्या ऑफिसातल्या काचेच्या भिंतीवर कालपासून माझी पिवळी चिठ्ठी खालच्या कोपऱ्यात आहे. आमच्याकडे नाकारलेला पर्याय फेकत नाहीत, 'नंतर बघू' म्हणून तिथे लावतात. तिथे दुपारचं ऊन येतं आणि चिठ्ठ्या कडांनी वळत जातात. वर मधोमध माझ्याच टीममधल्या केतकीची गुलाबी चिठ्ठी आहे.

दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर करायचं आहे. बाकावर बसलेल्या पेशंटला आपली पाळी कशी कळावी, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, मोबाइलवर नंबर दिसावा. केतकी म्हणाली, स्पीकरवरून नावानं हाक यावी. दोन्ही करायला वेळ नव्हता. साहेबांनी तिचं घेतलं.

दोन चांगल्या गोष्टींतली एक घेतली म्हणून दुसरी वाईट ठरत नाही, असं नव्या मुलांना मीच शिकवते. पण ती दुसरी आपली असली की हे शहाणपण गिळवत नाही. निघताना केतकीनं आपली चिठ्ठी अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबली, कपाळावरची टिकली दाबावी तशी. तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी आईला दोन्ही पर्याय सांगितले. गुडघ्यांपायी तिच्या दवाखान्याच्या खेपा चालूच असतात, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं.

आई मटार सोलता सोलता थांबली. "नावानं हाक मारणार? आताशा मला नावानं हाक मारतंय कोण? कुणी सुचवलं गं हे?"

मी केतकीचं नाव सांगितलं.

"गुणाची दिसते पोरगी," आई म्हणाली, "एकदा जेवायला आण तिला."