भिंतीपलीकडची शिट्टी

नेरीना माझ्या खालच्या मजल्यावर राहते. त्रिएस्तेच्या मोठ्या चौकाजवळ एका कॉफीच्या दुकानात तिने उभ्याउभ्या आयुष्य काढलं. नवरा लिव्हिओ ट्राम चालवायचा. एका फेब्रुवारीत, बोरा वारा खिडक्या बडवत असताना, तो दम खायला म्हणून जिन्यात बसला तो उठलाच नाही.

ऊदिनेला राहणारी तिची मुलगी बोलावत होती, पण नेरीना गेली नाही. मुलीची रिकामी खोली ती पाहुण्यांना भाड्याने देऊ लागली. शनिवार-रविवारपुरते येणारे, नीटनेटक्या कपड्यांतले लोक. सकाळी समुद्राकाठचा पांढरा किल्ला बघा, दुपारी उकडलेलं डुकराचं मांस खा, संध्याकाळी वाइनचा पेला घेऊन लांब धक्क्यावर चालत जा, असं ती सांगायची. पेदोचिनचं नाव मात्र कधी काढायची नाही.

पेदोचिन म्हणजे आमचा दगडगोट्यांचा किनारा. मधोमध उंच पांढरी भिंत, एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष. नवराबायको दाराशी हात सोडतात आणि निघताना पुन्हा भेटतात. भिंत थोडी पाण्यात जाते नि संपते. त्यापुढे समुद्र सगळ्यांचा. लिव्हिओ निघायची वेळ झाली की पलीकडून शिट्टी मारायचा, दोन आखूड, एक लांब. नेरीना मुद्दाम उशीर करायची.

तो गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिला ती शिट्टी पुन्हा ऐकू आली. तिने कोणाला सांगितलं नाही. टॉवेल घडी करून ती निघायची, दाराशी क्षणभर थांबायची आणि एकटीच घरी यायची. असे तीन उन्हाळे गेले. ती वाळत चालली. आम्हाला वाटलं, दुःख आहे, दुसरं काय.

चौथ्या वर्षी तूरीनहून जिनेव्रा नावाची बाई आली. पांढरी लिननची विजार, मोठा काळा चष्मा. किल्ला, कॉफी, धक्का सगळं एका दिवसात उरकून तिने विचारलं, तुम्ही स्वतः कुठे जाता? नेरीनाला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी भिंतीच्या सावलीत बसलो होतो. जिनेव्रा पीच कापत होती. मधेच थांबली.

"सिन्योरा, तुम्हाला कोणीतरी बोलावतंय."

"मला?"

"पलीकडून. शिट्टी झाली ना आत्ता? तुम्ही मान वळवलीत, म्हणून म्हटलं."

नेरीनाचा चेहरा गोट्यांसारखा पांढरा पडला. खरं सांगते, मी काही ऐकलं नव्हतं. ती उठली, पाण्यात शिरली आणि भिंतीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेली. ती असं कधी करेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढचं उच्चोने सांगितलं. उच्चो म्हणजे लिव्हिओचा पत्त्यांतला जोडीदार. नेरीना ओलीचिंब पत्ते खेळणाऱ्यांच्या मधोमध उभी राहिली, तेव्हा म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. बाईमाणूस इथे कसं, असं कोणी म्हणालं नाही. भिंतीलगतची लिव्हिओची जागा मोकळी होती. गर्दीतही तिथे कोणी टॉवेल टाकत नसे. सगळीकडच्या गोट्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या, फक्त तिथल्या तेवढ्या ओल्या.

"तुम्हाला ऐकू येते?" तिने विचारलं.

"येते. सगळ्यांनाच येते," उच्चो म्हणाला.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला येत नसेल, तर सांगून जीव कशाला जाळायचा? आणि येत असेल, तर आम्ही काय वेगळं सांगणार, नेरीना?"

ती त्या ओल्या जागेवर जाऊन बसली. भिंतीला पाठ लावली. पुरुषांनी माना समुद्राकडे वळवल्या.

तेवढ्यात शिट्टी झाली. या वेळी ती मीही ऐकली. कारण ती आमच्या बाजूने आली होती, बायकांमधून, नेरीनाच्या रिकाम्या टॉवेलाजवळून. दोन आखूड, एक लांब. एक पोरगी रडायला लागली. शेजारी बसलेली म्हातारी ओती, जिला धड ऐकूही येत नाही, ती स्वतःशीच म्हणाली, "शोधतोय बिचारा."

नेरीना जीव खाऊन पोहत परत आली. गुडघे खरचटले होते. टॉवेलाजवळ कोणी नव्हतं. तिने टॉवेल उचलून खालच्या गोट्या चाचपल्या. मग हळूच म्हणाली, "चुकामूक झाली गं."

त्यानंतर शिट्टी कोणालाच ऐकू आली नाही. जिनेव्रा त्याच संध्याकाळी तूरीनच्या आगगाडीत बसली. पुन्हा धक्क्यावर जायचं ठरलं होतं, ते राहिलं. तिने दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नाही. मुलगी आईला न्यायला ऊदिनेहून गाडी घेऊन आली आणि रिकामीच परत गेली.

नेरीना अजून रोज येते. किनाऱ्यावर बसत नाही. भिंत जिथे पाण्यात संपते तिथे, छातीइतक्या पाण्यात, दगडावर हात टेकून उभी राहते. तिथून दोन्ही बाजू दिसतात. सप्टेंबरात पाणी गार होतं, आम्ही सगळ्या बाहेर येतो. परवा तिचे ओठ निळे पडलेले पाहून मी हाक मारली, चल आता, बास झालं.

"तू जा," ती म्हणाली. "या खेपेला मी जागची हलणार नाही."